घड्याळाचे नाव मिळालेले धान

१/
विदर्भातल्या किराणा दुकानात कुणी ‘एचएमटी’ मागितले, की दुकानदार तांदळाच्या पोत्याकडे वळतो. बारीक दाणा, मऊ आणि चवदार भात. मुंबई-पुण्याच्या बाजारात हाच तांदूळ ‘एचएमटी कोलम’ म्हणून विकला जातो. ही तीन अक्षरे मात्र एका घड्याळाच्या कंपनीची आहेत. ती तांदळाला कशी चिकटली, आणि त्या जागी खरे तर कुणाचे नाव असायला हवे होते, त्याचा हा इतिहास.

२/
या इतिहासाचे गाव नांदेड. मराठवाड्यातले, गोदावरीकाठचे नव्हे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातले एक लहानसे खेडे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या वैनगंगेच्या खोऱ्याला झाडीपट्टी म्हणतात. इथे जंगल संपते तिथे धानाची बांधी सुरू होते, आणि बांधी संपते तिथे पुन्हा जंगल. शेतीला आधार मालगुजारी तलावांचा आणि बोड्यांचा. कोहळी समाजाने बांधलेले आणि पिढ्यान्‌पिढ्या राखलेले हे तलाव नसते, तर पाऊस दडी मारल्यावर धान वाचवायला दुसरे काही नव्हते.

३/
झाडीपट्टीचे वर्ष धानाच्या कामांनीच मोजले जाते. मृगात पऱ्हे टाकायचे, आषाढात चिखलणी करायची, मग रोवणी. गुडघाभर चिखलात ओळीने वाकलेल्या बाया आणि त्यांची गाणी. हलके धान दिवाळीच्या आधी हाती येते, जड धान त्यानंतर. मग पुंजणे रचायचे, चुरणे करायचे आणि पुढल्या वर्षाचे बियाणे वेगळे काढून ठेवायचे. या शेवटच्या कामाकडे बाहेरच्या माणसाचे सहसा लक्ष जात नाही. पुढे जे घडले, ते सारे मात्र त्याच कामातून घडले.

४/
दादाजी रामाजी खोब्रागडे हे या नांदेडचे शेतकरी. घर दलित कुटुंबाचे, शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत, शेती दीड एकर. दीड एकराचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. एवढ्या जमिनीवर घर चालवायचे, तर बांधीचा एकही कोपरा रिकामा ठेवता येत नाही. तिथे ‘प्रयोग’ करायचा म्हणजे घरच्या भातातून काही घास बाजूला काढायचे. ज्याच्या पाठीशी पगार असतो त्याचा प्रयोग फसला, तर अहवाल लिहून काम भागते. इथे प्रयोग फसला, तर तेवढे धानच कमी येते.

५/
१९८३ साली त्यांच्या शेतात ‘पटेल ३’ हे धान उभे होते. जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयातील डॉ. जे. पी. पटेल यांनी तयार केलेला हा वाण त्या काळी पूर्व विदर्भात चांगला रुजला होता. त्या पिकात दादाजींना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग पिवळसर, ठेवण निराळी. त्यांनी त्या तोडून वेगळ्या जपून ठेवल्या. सगळ्याचा आरंभ एवढाच.

६/
या तीन लोंब्या आल्या कुठून? भाताचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. तूस उघडण्याच्या आसपासच परागकण आतल्या आत पडतात, त्यामुळे शेजारच्या रोपाचा पराग येण्याची शक्यता अगदी थोडी असते. म्हणूनच भाताचा वाण पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तसाच राहतो. पण ‘जवळजवळ’ या शब्दातच शेतीचा अर्धा इतिहास दडलेला आहे. कधी एखादा परका पराग आत शिरतो, कधी दाण्याच्या आनुवंशिक साठ्यात आपोआप एखादा बदल घडतो. हजारो रोपांमध्ये एखादे रोप वेगळे निघते. असे वेगळे रोप दर वर्षी कुणा ना कुणाच्या शेतात उगवतच असते.

७/
त्याचे पुढे काय होते? बहुतेक वेळा ते उपटले जाते. चांगला शेतकरी बियाण्याच्या बांधीत फिरताना वेगळी दिसणारी झाडे काढून टाकतो. त्याला तो भेसळ म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. दादाजींची नजर याच सवयीत घडलेली होती. वेगळे झाड ओळखणे ही त्या नजरेची रोजची कामगिरी. त्या दिवशी एवढाच फरक पडला की ओळखल्यानंतर हात थांबला. टाकून देण्याच्या वस्तूकडे त्यांनी ठेवून देण्याची वस्तू म्हणून पाहिले. वाणनिर्मितीच्या शास्त्रात ‘निवड’ म्हणतात ती हीच, आणि जगातल्या साऱ्या पिकांचा पाया याच कृतीवर उभा आहे.

८/
पुढच्या हंगामात, १९८४ साली, त्यांनी ते दाणे शेताच्या मधोमध लहानशा जागेत पेरले आणि भोवती काट्याकुट्यांचे कुंपण घातले. जंगल लागून असलेल्या गावात रानडुकरांचा एक फेरा मूठभर दाण्यांचा वंश संपवायला पुरेसा असतो. भाताच्या एका लोंबीत साधारण शंभर ते दोनशे दाणे धरले, तर तीन लोंब्यांचे मिळून काही शे दाणे होतात. पुढे लाखो ताटांत जाणारे धान त्या वर्षी एका ओंजळीत मावत होते.

९/
धानाचा हंगाम वर्षातून एकदा येतो. प्रयोगशाळेत आठवड्याने उत्तर मिळते. बांधीत एका प्रश्नाला एक वर्ष लागते. दाणा बारीक आला, पण पुढच्या वर्षीही तसाच येईल का? येईल, तर उतारा कसा पडेल? भरडल्यावर तांदूळ किती निघेल आणि कणी किती? भात शिजून मऊ होईल की गोळा होईल? यातल्या एकेका प्रश्नासाठी पाऊस, कीड आणि डुकरे यांच्यातून पीक सुखरूप पार पाडावे लागते. दादाजींनी हे पाच-सहा हंगाम सलग केले. दर वर्षी उत्तम लोंब्या वेगळ्या काढायच्या, त्याच पेरायच्या, विसंगत झाडे टाकून द्यायची.

१०/
या पद्धतीला शास्त्रीय नाव आहे. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी १९०३ साली घेवड्याच्या दाण्यांवर प्रयोग करून ‘शुद्ध वंश’ ही कल्पना मांडली. स्वतःच्या परागाने फळणाऱ्या एकाच रोपाची संतती वेगळी वाढवत नेली, तर ती पिढ्यान्‌पिढ्या एकसारखी राहते. तिच्यात मग जो फरक दिसतो तो माती-पाण्याचा, वंशाचा नव्हे. नांदेडच्या बांधीत योहान्सन यांचे नाव कुणी ऐकले असण्याचे कारण नव्हते. पण मिश्र पिकातून एक वंश वेगळा काढून तो स्थिर होईपर्यंत जपायचा, हे तत्त्व तिथे पाळले जात होते.

११/
वाण पक्का झाला तो १९८०च्या दशकाच्या अखेरीस. दाणा ‘पटेल ३’पेक्षा बारीक, भरडाईत तांदूळ जास्त, भात अधिक चवदार. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने बियाणे नेले, आपल्या अधिक मोठ्या शेतात पेरले आणि माल तळोधीच्या बाजारात आणला. आता व्यापाऱ्याला या धानासाठी नाव हवे होते. पोत्यावर काहीतरी लिहावे लागते, भाव कशाचा ते पुकारावे लागते. दादाजींनी वाणाला नाव दिलेले नव्हते. व्यापाऱ्याने त्या दिवसांत सर्वांच्या तोंडी असलेले नाव उचलले: एचएमटी.

१२/
हे नाव सुचावे यात नवल नाही. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ साली बंगळूर येथे सुरू झाली, आणि १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने मनगटी घड्याळे काढली. पुढची तीन दशके मध्यमवर्गीय घरात लग्नात, नोकरी लागल्यावर किंवा परीक्षेत पहिला आल्यावर मिळणारे घड्याळ बहुधा एचएमटीचेच असे. ‘एचएमटी’ म्हणजे खात्रीचा माल, हा अर्थ लोकांच्या मनात पक्का होता. व्यापाऱ्याला तांदळाबद्दल नेमके तेच सांगायचे होते. नाव चपखल बसले आणि नाव ज्याचे असायला हवे होते तो माणूस त्यात कुठेच उरला नाही.

१३/
मग हे धान हातोहात पसरले. झाडीपट्टीत चांगले बियाणे जाहिरातीने जात नाही. ते सोयऱ्यांबरोबर जाते. लेकीच्या सासरी पायलीभर, मामाच्या गावी दोन पायल्या, कुणी उसने नेले तर पीक आल्यावर थोडे वाढवून परत. अशा वाटांनी एचएमटी चंद्रपूर-गडचिरोलीतून भंडारा-गोंदियात गेले आणि पुढे राज्याची हद्द ओलांडून छत्तीसगड, मध्य प्रदेश आणि आंध्र-तेलंगणाच्या शेतांपर्यंत पोहोचले. बियाण्याबरोबर नाव जात होते. गाव आणि माणूस मागे राहत होते.

१४/
पिकाचा वाण पाहणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, हे नांदेडातच प्रथम घडले असे नाही. त्याचा एक जुना नमुना इंग्लंडच्या सफोक परगण्यात, डेबेनहॅम या गावी सापडतो. धान्य निराळे, जव म्हणजे सातू. काळ १८२०च्या सुमाराचा. जॉन अँड्र्यूज नावाचा शेतमजूर दिवसभर जवाची मळणी करून घरी आला. पायात काही टोचत होते म्हणून जोडा काढून पाहिला, तर आत ओंबीचा तुकडा. दाणे टपोरे वाटले म्हणून त्याने ते आपल्या झोपडीच्या परसात लावले.

१५/
ती झोपडी ज्यांच्या मालकीची होती ते पाद्री जॉन शेव्हॅलिअर यांच्या नजरेस परसातले पीक पडले. त्यांनी त्याचे बी राखले, आपल्या शेतात वाढवले आणि पसरवले. वाणाला नाव मिळाले ‘शेव्हॅलिअर’. मद्यासाठी लागणाऱ्या उत्तम जवाचा हा वाण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत इंग्लंडच्या शेतांवर राज्य करीत होता. पाद्रीबुवांचे श्रम खोटे नव्हते. त्यांनी बी वाढवले नसते, तर परसातली ती चार रोपे परसातच संपली असती. पण जोड्यातला तुकडा फेकून न देणारा हात दुसऱ्याचा होता. तो मजूर आज माहीत आहे, कारण गावाच्या इतिहासात कुणीतरी त्याची हकिगत लिहून ठेवली. वाणाच्या नावाने त्याची आठवण राखली नाही.

१६/
विसाव्या शतकात चित्र बदलले. वाण तयार करणे हा पगारी, प्रशिक्षित लोकांचा व्यवसाय झाला. केंब्रिजच्या वनस्पती पैदास संस्थेत डॉ. जी. डी. एच. बेल यांच्या देखरेखीखाली १९६०च्या दशकात ‘मॅरिस ऑटर’ हा हिवाळी जव तयार झाला. ठरवून केलेला संकर, नोंदवह्या, चाचण्या, मग अधिकृत प्रसारण. त्यातले ‘मॅरिस’ हे संस्थेजवळच्या एका रस्त्याचे नाव. इथेही वाण माणसाच्या नावाने ओळखला गेला नाही; पण कागदोपत्री संस्था आणि शास्त्रज्ञ दोघांची नोंद राहिली. संस्थेच्या भिंतीआड केलेल्या निवडीला साक्षीदार असतात. बांधीत केलेल्या निवडीला साक्षीदार कोण?

१७/
नांदेडच्या हकिगतीत हा प्रश्न १९९४ साली उभा राहिला. नागभीडला लागूनच सिंदेवाही तालुका आहे, आणि तिथे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे. दादाजींच्या सांगण्यानुसार त्या वर्षी विद्यापीठाने प्रयोगासाठी त्यांच्याकडून पाच किलो बियाणे नेले. १९९८ साली विद्यापीठाने एक वाण प्रसारित केला. त्याचे नाव ‘पीकेव्ही एचएमटी’. घड्याळाच्या नावाआधी आता विद्यापीठाची आद्याक्षरे लागली. दादाजींचे नाव याही वेळी लागले नाही.

१८/
विद्यापीठाच्या बाजूचा युक्तिवाद शुद्धीकरणाचा होता, आणि तो समजून न घेता निवाडा देणे योग्य होणार नाही. हातोहात फिरलेल्या बियाण्यात दर वर्षी खळ्यावर, पोत्यात, पऱ्ह्यात मिसळ होत जाते. विद्यापीठ अशा बियाण्यातून निवडक लोंब्यांच्या ओळी स्वतंत्र लावते, सारख्या निघालेल्या ओळी ठेवते, वेगळ्या बाद करते आणि वेगवेगळ्या ठिकाणी उत्पादनाच्या चाचण्या घेते. त्यातून मूलभूत बियाणे, मग पैदासकार बियाणे, मग पायाभूत आणि शेवटी प्रमाणित बियाणे अशी साखळी उभी राहते. हे काम खरे आहे, कष्टाचे आहे आणि शेतकऱ्याच्या उपयोगाचे आहे.

१९/
पण शुद्ध करायला आधी काहीतरी असावे लागते. पीकेव्ही एचएमटीमध्ये जो गुण शुद्ध केला गेला, तो १९८३च्या तीन लोंब्यांत कुणीतरी पाहिला होता आणि पुढचे पाच-सहा हंगाम राखला होता. विद्यापीठाने लोंब्यांच्या ओळी लावून जे केले, तेच दादाजींनी काट्यांच्या कुंपणात केले होते. फरक प्रमाणाचा, साधनांचा आणि नोंदींचा. एका कामाला ‘संशोधन’ म्हणायचे आणि दुसऱ्याला ‘कच्चा माल’, ही विभागणी शास्त्राने केलेली नाही. ती कागदाने केलेली आहे.

२०/
कागदाचे बळ किती असते? १९६६च्या बियाणे अधिनियमानुसार अधिसूचित झालेल्या वाणाचेच बियाणे प्रमाणित होऊ शकते. प्रमाणपत्राची खूणचिठ्ठी लागली की बियाणे महामंडळाच्या साखळीत जाते, कृषी केंद्रात मिळते, शासकीय शिफारशीत येते. दादाजींच्या घरून जाणाऱ्या बियाण्याला अशी चिठ्ठी नव्हती. परिणामी एकाच वंशाची दोन बियाणी बाजारात होती: एक सरकारी शिक्क्याचे, एक ओळखीपाळखीवर चालणारे. पहिल्याचा जन्मदाखला होता, दुसऱ्याचा नुसता जन्म.

२१/
यात कायदा मोडला गेला काय? नाही, कारण मोडायला कायदाच नव्हता. १९९४ आणि १९९८ या दोन्ही वर्षी भारतात पिकाच्या वाणावर कुणाचाही मालकी हक्क मानणारा कायदा अस्तित्वात नव्हता. १९७०च्या पेटंट कायद्याने शेतीच्या पद्धती पेटंटबाहेर ठेवल्या होत्या. त्यामागचा हेतू चांगला होता. बियाणे सर्वांचे राहावे, त्यावर कुणी कुलूप लावू नये. पण जे सर्वांचे असते त्याच्या नावनोंदणीची जबाबदारी कुणाचीच नसते. बी मोकळे राहिले. त्याबरोबर ते निर्माण करणाऱ्याचे श्रेयही मोकळे सुटले, आणि ज्याच्याकडे शिक्का होता त्याच्या खात्यावर जमा झाले.

२२/
जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे भारताला वाणांच्या संरक्षणासाठी कायदा करणे भाग पडले. २००१ साली ‘वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम’ मंजूर झाला. त्याचे वेगळेपण नावाच्या उत्तरार्धात आहे. पैदासकाराबरोबर शेतकऱ्यालाही वाणाची नोंदणी करता येते आणि त्यासाठी शुल्क द्यावे लागत नाही. शेतकऱ्याच्या वाणाला एकसारखेपणाच्या कसोटीत सवलत आहे. कलम ३९ प्रमाणे शेतकरी आपले बियाणे राखू, पेरू, देऊ-घेऊ आणि विकूही शकतो, फक्त नाममुद्रेखाली विकता येत नाही. झाडीपट्टीतली पायलीची देवघेव यात कायद्याच्या भाषेत लिहिली गेली. त्या तीन लोंब्या दिसल्यानंतर हे व्हायला अठरा वर्षे लागली.

२३/
दादाजींचे नाव बाहेर आले ते एका निराळ्या वाटेने. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील प्रा. अनिल गुप्ता यांनी गावोगावच्या कल्पक माणसांचे ज्ञान नोंदवणारे एक जाळे उभे केले होते. त्याचे नाव ‘हनी बी’, मधमाशी. मधमाशी फुलाला गरीब न करता मध घेते, आणि एका फुलाचा पराग दुसऱ्यापर्यंत नेते, हे त्या नावामागचे सूत्र. त्याच प्रेरणेतून २००० साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान स्थापन झाले. प्रतिष्ठानाने दादाजींच्या कामाची नोंद केली, आणि २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० साली ‘फोर्ब्स’ने ग्रामीण भारतातल्या प्रभावशाली उद्योजकांच्या यादीत त्यांना स्थान दिले.

२४/
उद्योजक हा शब्द मात्र इथे अडखळतो. उद्योजकाला आपल्या मालातून पुन्हा पुन्हा उत्पन्न मिळते. भाताच्या वाणात तसे होत नाही. संकरित कापसाचे बियाणे दर वर्षी विकत घ्यावे लागते, कारण त्याच्या पुढच्या पिढीत गुण टिकत नाहीत. भात स्वतःच्या परागाने फळतो. ज्याने एकदा पायलीभर एचएमटी नेले, तो पुढच्या वर्षी स्वतःच बियाणेवाला झाला. जो गुण वाणाला शेतकऱ्याच्या हिताचा बनवतो, तोच तो घडवणाऱ्याला कमाई होऊ देत नाही. म्हणून भाताचे वाण जगभर बहुतांशी सार्वजनिक संस्थांत तयार होतात, जिथे शास्त्रज्ञाला पगार असतो. दादाजींना पगार नव्हता. बाजार त्यांना फार देऊ शकत नव्हता. द्यायला उरत होती एकच गोष्ट, नाव. आणि तेच वाटेत गळून पडले होते.

२५/
म्हणूनच ‘नावात काय आहे’ हा प्रश्न इथे उर्मट ठरतो. दाण्यावर कुलूप असावे अशी तक्रार नांदेडहून कधी आली नाही; दादाजी बियाणे देत राहिले. त्यांचा आग्रह एवढाच होता की धान कुठून आले हे सांगितले जावे. जमीन थोडी, जात खालची ठरवलेली, शाळा तिसरीची. अशा माणसाला समाजाने ज्ञानी म्हणावे, याला या देशात फार अर्थ आहे. ज्ञान कुणाच्या घरी जन्मते याविषयी पिढ्यान्‌पिढ्या जे सांगितले गेले, ते त्या तीन लोंब्यांनी खोटे पाडले होते. ते मान्य करणे पाच किलो बियाणे नेण्याइतके सोपे ठरले नाही.

२६/
ते थांबलेही नाहीत. त्यांच्या हातून एकूण नऊ वाण घडले: विजय नांदेड, नांदेड-९२, नांदेड हिरा, नांदेड चिन्नूर, दीपक रत्न आणि आणखी काही. ही नावे वाचताना एक गोष्ट लक्षात येते. पहिले नाव व्यापाऱ्याने ठेवले. नंतरच्या नावांत गाव पुन्हा पुन्हा येते. एका वाणाचे नाव आहे ‘डीआरके’: दादाजी रामाजी खोब्रागडे. विद्यापीठाची आद्याक्षरे असतात, घड्याळाच्या कंपनीची असतात. दीड एकराच्या शेतकऱ्याचीही असू शकतात, हे त्या तीन अक्षरांनी शांतपणे नोंदवून ठेवले.

२७/
गौरव झाले, छायाचित्रे छापून आली, तरी घरची ओढाताण संपली नाही. अखेरच्या आजारपणात उपचारांच्या खर्चाचा प्रश्न उभा राहिला आणि वर्तमानपत्रांना त्यांची पुन्हा आठवण झाली. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीजवळ, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या रुग्णालयात दादाजींचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या अखेरीस पोहोचले होते. मृगाला चार-पाच दिवस उरले होते. झाडीपट्टीत बियाण्याची पोती उघडायची ती हीच वेळ.

२८/
त्या पावसाळ्यातही एचएमटीचे पऱ्हे पडले, रोवणी झाली, लोंब्या आल्या. जिथे जिथे हे धान पिकते, तिथला प्रत्येक दाणा वंशाने १९८३च्या त्या तीन लोंब्यांपर्यंत मागे जातो. मधे शुद्धीकरण झाले असो वा नसो, पोत्यावर शिक्का असो वा नसो. पोत्यावर आजही घड्याळाचेच नाव आहे. ती घड्याळे बनवणारे कारखाने बंद पडले. धान चालू आहे.